वरची अंडी कुणाच्या वाट्याची?

मे महिन्यातली पौर्णिमेची रात्र. भरती ऐन भरात आलेली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, डेलावेअर उपसागराच्या वाळूत उपडी घातलेली घमेली सरकत असावीत असं काहीतरी दिसतं. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक मोठ्या घमेल्याला मागून एक लहान घमेलं घट्ट चिकटलेलं आहे. मोठी ती मादी, लहान तो नर. मादी वाळूत अर्धी रुतते, वीतभर खोलीवर हिरवट, मोहरीएवढी अंडी घालते, एका खेपेला सुमारे ४,०००. मग थोडं पुढे सरकून पुन्हा रुतते. जोडी न मिळालेले दोन-चार नर भोवती धक्काबुक्की करतच असतात.

हा हॉर्सशू क्रॅब, घोड्याच्या नालेच्या आकाराचा. नावात क्रॅब असला तरी हा खेकडा नव्हे. याचं नातं कोळी आणि विंचवांशी. याच्या पूर्वजांचे जीवाश्म सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीचे सापडले आहेत. एवढं सगळं पचवून टिकलेला हा प्राणी माणसाच्या हाती लागल्यावर मात्र जेरीस आला. एकोणिसाव्या शतकात त्याला वाळवून, दळून शेतात खत म्हणून टाकत. १९९०च्या दशकात तो वाम आणि मोठ्या समुद्री गोगलगायी पकडायच्या सापळ्यांत आमिष म्हणून जाऊ लागला. १९९८ साली आमिषासाठी नोंदली गेलेली पकड सुमारे २७ लाख होती. त्यातही वाम पकडणाऱ्यांना हवी असायची ती अंड्यांनी भरलेली मादी, कारण वाम येतो तिच्या वासावर. म्हणजे पुढची पिढी जिच्या पोटात, नेमकी तीच कापली जायची.

आणि ही मादी तयार व्हायला दहा वर्षं लागतात. सतराएक वेळा कात टाकल्यावर ती पहिल्यांदा किनाऱ्याला लागते. अंडी हजारोंनी असली तरी त्यांतली फारच थोडी तिथवर पोचतात. त्यामुळे आज केलेल्या पकडीचा फटका दहा वर्षांनी कळतो, आणि आज घातलेल्या बंदीचं फळही तितकंच उशिरा दिसतं.

१९९८ साली अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मत्स्य आयोगाने व्यवस्थापन आराखडा केला, दोन वर्षांत राज्यवार कोटे ठरले. २००१ साली उपसागराच्या तोंडाशी सुमारे १,५०० चौरस मैलांचा राखीव पट्टा झाला. २००८ साली न्यू जर्सीने आमिषासाठीची पकड पूर्ण थांबवली. सापळ्यात आमिष जाळीच्या पिशवीत ठेवलं की ते जास्त दिवस पुरतं, हा साधा उपायही बराच कामाला आला. किनाऱ्यावरची एकूण पकड दहा लाखांच्या खाली उतरली.

मग आता भागलं म्हणायचं का? मासेमारीचं नेहमीचं गणित मुद्दल राखून व्याज काढायचं असतं. इथे ते फसतं, कारण त्या व्याजावर जगणारं दुसरंच कुणीतरी आहे.

रेड नॉट हा छोटा पक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून निघून कॅनडाच्या आर्क्टिक भागात जातो. वाटेत तो मे महिन्यात डेलावेअरला उतरतो, आणि दोनेक आठवड्यांत वजन जवळजवळ दुप्पट करून पुढे निघतो, तो याच अंड्यांवर. पण वीतभर खोल पुरलेल्या अंड्यांपर्यंत त्याची चोच पोचत नाही. ती वर कधी येतात? नंतर आलेली मादी आधीचीच जागा उकरते तेव्हा. म्हणजे किनाऱ्यावर दाटी हवी, इतकी की एकीचं घरटं दुसरीने विस्कटावं. हॉर्सशू क्रॅबची जात टिकायला पुरेल एवढी संख्या पक्ष्यांना पुरेलच असं नाही. १९८०च्या दशकात इथे नव्वद हजारांच्या आसपास रेड नॉट मोजले गेले होते. २०२१ साली सात हजारही भरले नाहीत.

म्हणून २०१३ पासून कोटा ठरवताना पक्षी आणि हॉर्सशू क्रॅब यांचा हिशोब एकत्र मांडतात. उपसागरातून पाच लाख नर पकडता येतील, मादी एकही नाही, असं तेव्हा ठरलं. नर घेतले तरी चालतात, कारण किनाऱ्यावर नरांचीच गर्दी असते. २०२२ साली सुधारित संगणकीय प्रारूपाने सव्वा लाख माद्या पकडायला हरकत नाही असा कौल दिला. तीस हजारांहून अधिक लोकांनी प्रतिक्रिया पाठवल्या आणि आयोगाने शून्य कायम ठेवलं. माझ्या मते हेच बरोबर होतं. प्रारूप कितीही चांगलं असलं तरी चूक उमगेपर्यंत दहा वर्षं गेलेली असतात.

या कोट्यात न बसणारी आणखी एक पकड आहे. इंजेक्शनं आणि लसी जिवाणूंच्या विषापासून मुक्त आहेत ना, हे तपासायला या प्राण्याचं निळं रक्त वापरतात. २०२१ साली त्यासाठी सात लाखांहून अधिक प्राणी पकडले गेले. रक्त काढून त्यांना समुद्रात सोडतात, पण सुमारे १५ टक्के मरतात असं आयोग धरून चालतो. १९९८च्या आराखड्यात अशा मृत्यूंसाठी ५७,५०० ही धोक्याची रेषा आखली होती. ती जवळपास दरवर्षी ओलांडली जाते, आणि ओलांडल्यावर काही होतही नाही. रक्ताऐवजी चालणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन १९९०च्या दशकात सिंगापूरमध्ये तयार झालं. युरोपच्या औषधसंहितेत, म्हणजे औषधांचे दर्जे ठरवणाऱ्या नियमावलीत, ते २०२१पासून लागू झालं.

दर मे-जूनमध्ये स्वयंसेवक रात्री एक मीटर लांबी-रुंदीची चौकट घेऊन वाळूत उतरतात आणि चौकटीत आलेले नर-माद्या मोजतात, एका किनाऱ्यावर शंभर वेळा. माद्यांसाठी शून्य कोटा लागू झाला त्या वर्षी, म्हणजे २०१३ साली, अंड्यातून बाहेर पडलेल्या माद्या आता कुठे या चौकटीत यायला लागल्या असतील.