ओठावरचे फोड आणि 'नागीण': एका नावाने घातलेला गुंता

ओठाच्या कडेला पुन्हा पुन्हा त्याच जागी उठणारे फोड हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचे, हे आता कुणी नाकारत नाही. मतभेद आहेत ते मलम की गोळी यावर, औषध कधी सुरू करायचं यावर, आणि मराठीत या आजाराला म्हणायचं काय यावर. तिसरा मुद्दा किरकोळ वाटतो, पण चुकीच्या औषधाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

'हर्पीस' हा शब्द सरपटणं या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला. ते क्रियापद आणि संस्कृतातला 'सृप्' धातू मुळात एकच. म्हणजे आपला सर्प, सरपटणं आणि आयुर्वेदातला 'विसर्प' ही सगळी त्याचीच भावंडं. जुन्या काळी कातडीवर पसरत जाणाऱ्या कितीतरी विकारांना हर्पीस म्हणत. पुढे कारणं कळत गेली तशी यादी आटली, पण दोन वेगळ्या आजारांना ते आडनाव कायमचं चिकटलं: हर्पीस झोस्टर आणि हर्पीस सिम्प्लेक्स.

झोस्टरला मराठीत नागीण म्हणतात आणि ते नाव चपखल आहे. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत वर्षानुवर्षं दबून राहतो, मग एखाद्या वेळी जागा होऊन अंगाच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा काढतो. घोटाळा झाला तो 'हर्पीस म्हणजे नागीण' असं सरसकट भाषांतर रूढ झाल्यावर. ओठावर चार फोड आलेल्या माणसाला 'नागीण झाली' असं ऐकवलं की तो नागिणीचीच माहिती शोधतो, आणि तिथे मात्रा वेगळी असते. व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणूविरोधी गोळी नागिणीसाठी १ ग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस घेतात. ओठावरच्या फोडांसाठी मोठ्या माणसाला २ ग्रॅम आणि १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम, की उपचार संपला. नागिणीची लस ओठावरचे फोड रोखत नाही. त्यांच्यासाठी मान्यता मिळालेली लस अजून नाहीच.

दुसऱ्या बाजूने 'तोंड येणं' हा शब्दही इथेच घुसतो. ते व्रण गालाच्या आत, जिभेवर किंवा ओठाच्या आतल्या मऊ भागात येतात. तळ पिवळट-पांढरा, भोवती लाल कड. ते संसर्गाने पसरत नाहीत आणि विषाणूविरोधी मलमाने बरेही होत नाहीत. सिम्प्लेक्सची खूण वेगळी: ओठाची लाली संपून कातडी सुरू होते त्या रेषेवर आधी चुणचुण किंवा आग, काही तासांनी पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका, मग ते फुटून मधासारखी पिवळी खपली.

हा आजार माणसाकडून माणसाला होतो, हे १८९३ मध्ये नोंदलं गेलं. विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून राहतो, याचा पुरावा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाला. प्रभावी औषध येण्याआधी ईथर लावणं, देवीची लस पुन्हा पुन्हा टोचणं, फोडाला रंग लावून त्यावर प्रकाश टाकणं असे प्रयोग झाले. त्यांतून फायदा सिद्ध झाला नाही, धोके मात्र दिसले.

असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि चित्र पालटलं. हे औषध विषाणूच्याच एका विकराने (एन्झाइमने) चेतवलं जातं, त्यामुळे निरोगी पेशी जवळजवळ सुटतात. पण १९८२ मध्ये अमेरिकेत आलेलं पहिलं मलम पॉलिएथिलीन ग्लायकॉलमध्ये कालवलेलं होतं. त्यातून औषध कातडीत नीट उतरत नसे, आणि नेहमीच्या ओठावरच्या फोडांवर ते फिकं पडलं. तेच ५ टक्के औषध क्रीममध्ये बरं उतरतं. अमेरिकेत क्रीमला मान्यता मिळायला २००२ उजाडलं. 'मलमाने काही होत नाही' या समजाचं एक मूळ या जुन्या मलमात आहे.

दुसरं मूळ उशिरात आहे. विषाणूची वाढ पहिल्या चोवीस तासांतच कळसाला पोचते, नंतर दिसते ती मुख्यतः शरीराची स्वतःची दाह-प्रतिक्रिया. म्हणून १९९०च्या दशकात काही देशांनी क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत संधी निसटते, हा युक्तिवाद बिनतोड होता. विरोधकांना भीती होती ती लोक चुकीच्या फोडावर क्रीम चोपडतील याची. परवानगी योग्यच होती, फक्त हाती दिलं ते कमी जोराचं हत्यार. क्रीमने साधारण अर्धा ते एक दिवस वाचतो. २००० साली आलेल्या १० टक्के डोकोसॅनॉल क्रीमच्या चाचणीत १८ तास वाचले. व्हॅलासायक्लोव्हिरच्या त्या दोन मात्रांनी सुमारे एक दिवस वाचतो, तोही पाच-पाच वेळा काही न लावता. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. वारंवार फोड येणाऱ्यांनी चिठ्ठी आधीच घेऊन गोळ्या जवळ ठेवाव्यात.

क्रीमच वापरायचं तर चुणचुण जाणवताच सुरू करावं: जागेपणी दर चार तासांनी, दिवसात पाच वेळा, चार-पाच दिवस. कापसाच्या काडीने पातळ थर टेकवायचा, चोळायचा नाही, आणि फोडाच्या कडेबाहेरही थोडा न्यायचा. आधी आणि नंतर हात धुवायचे. खपली धरल्यावर सुरू केलेली ट्यूब वाया जाते. नुसतं स्टेरॉइड मलम इथे लावू नये, त्याने विषाणूला मोकळं रान मिळतं.

प्रतिबंधाबद्दल १९९१ मधला एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ३८ जणांच्या ओठांवर अतिनील किरण सोडले. सनस्क्रीन नसताना २७ जणांना फोड आले, लावल्यावर एकालाही नाही. प्रत्यक्ष उन्हातल्या चाचण्यांनी इतका स्वच्छ निकाल दिला नाही, तरी उन्हाने फोड येणाऱ्याने ओठांना सनस्क्रीन लावावंच. ज्यांना वर्षात सहा किंवा अधिक वेळा त्रास होतो, त्यांच्यासाठी असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम रोज दोनदा हा मार्ग आहे. चार महिन्यांच्या चाचणीत त्याने फोडांचे हल्ले निम्म्यावर आले.

खपली पडेपर्यंत पेला, टॉवेल, लिपस्टिक वेगळी ठेवायची आणि नवजात बाळाचा मुका घ्यायचा नाही, कारण पहिल्या काही आठवड्यांत हाच विषाणू बाळाच्या जिवावर बेततो. फोड असताना डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.