केवलमूल्य म्हणजे उणे चिन्ह पुसणं नव्हे

‘उणे चिन्ह पुसा, झालं केवलमूल्य’ ही क्लासातली युक्ती −७ पुरती चालते; पुढे फसते. केवलमूल्य म्हणजे अंतर: |क्ष| (उभ्या रेघा हीच त्याची खूण) हे क्षचं शून्यापासूनचं, |अ − ब| हे अ आणि ब यांच्यामधलं. ठाणे-वाशी मार्गावर घणसोली ० धरा. ठाण्याकडे रबाळे −१, ऐरोली −२; वाशीकडे कोपरखैरणे १, तुर्भे २. ऐरोली ते तुर्भे |−२ − २| = ४ स्टेशनं. आतलं चिन्ह आधीच पुसलंत तर २ − २, म्हणजे शून्य! (मग ऐरोलीलाच बसून राहा.) आधी आतली वजाबाकी, मग केवलमूल्य.

क्ष ऋण असेल तर |क्ष| = −क्ष. दिसायला उणे, पण किंमत धनच: क्ष = −३ घेतलं तर −(−३) = ३. म्हणून क्षच्या वर्गाचं वर्गमूळ सरळ क्ष लिहू नका, |क्ष| लिहा. |क्ष − ३| = ५ याला ८ आणि −२ अशा दोन उकली; पुसणाऱ्याला ८ च सापडतो. उजवीकडे −५ असेल तर उकलच नाही.