न दिसलेला पक्षीही मोजला जातो

हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत नवी मुंबईत ऐरोलीच्या खाडीकाठी आणि नेरूळच्या पाणथळींवर दुर्बिणी घेतलेली माणसं फ्लेमिंगो मोजताना दिसतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे आकडे ‘ईबर्ड’वर जातात. २००२ साली अमेरिकेत सुरू झालेला पक्षी-नोंदींचा हा ऑनलाइन साठा लोकांच्याच नोंदींनी भरतो. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३चा अहवाल अशाच सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे.

एका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांची एक यादी इथे भरतात. या साठ्याचा खरा जीव त्या यादीच्या शेवटी येणाऱ्या एका प्रश्नात आहे: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? ‘हो’ म्हटलं की यादीत नसलेला पक्षी ‘दिसला नाही’ असं धरलं जातं. म्हणजे तासभर थांबून फक्त फ्लेमिंगो लिहिले आणि ‘हो’ दाबलं, तर त्या सकाळी ऐरोलीत ना कावळा होता ना बगळा, अशी नोंद होते. अशा वेळी प्रामाणिकपणे ‘नाही’ दाबावं. त्याहून चांगलं म्हणजे कावळे, कबुतरं, घारीही लिहाव्यात. पक्षी कमी झाले की वाढले, हे या न दिसण्यावरूनच कळतं.

वेळ आणि अंतरही तितकंच महत्त्वाचं. १५ मिनिटांत दिसलेले २० शेकाटे आणि ३ तासांत दिसलेले २० शेकाटे यांचा अर्थ वेगळा. ऐरोली ते वाशी एकच यादी केली तर सगळे पक्षी नकाशावर एकाच ठिपक्यावर जाऊन बसतात. साधारण किलोमीटरभराची एक यादी करावी, जागा बदलली की नवी उघडावी.

मोठा थवा मोजताना आधी ५० पक्षी नीट मोजावेत, तेवढा पट्टा डोळ्यांत बसवावा आणि तसे किती पट्टे भरतात ते पाहावं. चोच जवळजवळ सगळी गडद लाल तो लहान रोहित, म्हणजे लहान फ्लेमिंगो. गुलाबी चोचीचं टोक काळं तो मोठा. धुरकटात चोच दिसतच नसेल तर ‘फ्लेमिंगो, जात अनिश्चित’ हीच बरोबर नोंद.

घोळ होतो तो भरतीमुळे. ओहोटीला खाडीच्या चिखलात चरणारे थवे भरतीचं पाणी चढलं की नेरूळच्या पाणथळींवर येतात. ऐरोलीची ओहोटीची यादी बरोबर, नेरूळची भरतीची यादीही बरोबर; त्यांची बेरीज मात्र चूक, कारण तेच पक्षी दोनदा धरले जातात.

त्या भागात, त्या महिन्यात एखाद्या जातीचा नेहमीपेक्षा मोठा आकडा टाकला की ईबर्डची आपोआप चालणारी चाळणी, म्हणजे फिल्टर, तो अडवतो आणि तपशील मागतो. मग स्थानिक स्वयंसेवक तपासनीस नोंद पाहतो. नवखे इथे दुखावतात. आपल्यावर अविश्वास दाखवला असं त्यांना वाटतं. पण ‘नक्की पाहिला’ एवढ्यावर तपासनिसाला निर्णय देता येत नाही. त्याला चोच, पाय, अंतर, मोजायची रीत हवी असते. नोंद मान्य झाली नाही तरी ती तुमच्या यादीतून पुसली जात नाही, फक्त सार्वजनिक नकाशात येत नाही.

चौघं मिळून गेलात तर एकानेच यादी भरावी आणि बाकीच्यांना त्यात जोडून घ्यावं. चार स्वतंत्र याद्या टाकल्या तर एकाच थव्याच्या चार फेऱ्या झाल्यासारखं दिसतं.