दशांश स्थळे आणि सार्थ अंक: मोजायला सुरुवात कुठून करायची?

दहावीपर्यंत ‘उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत काढा’ हे वाक्य मुलांच्या इतकं अंगवळणी पडतं, की अकरावीच्या फिजिक्समध्ये ‘तीन सार्थ अंकांपर्यंत’ असं आलं तरी हात आपोआप दशांश चिन्हाकडे जातो. चिन्हानंतर तीन अंक मोजायचे आणि राउंड ऑफ करून मोकळं व्हायचं. पेपर तपासताना हीच एक चूक पुन्हा पुन्हा दिसते आणि नाहक मार्क जातात.

दशांश स्थळांचं तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. पुढचा अंक ५ किंवा जास्त असेल तर आधीचा एकने वाढतो, कमी असेल तर तसाच राहतो. सार्थ अंकांतही हेच करायचं. (नेमका ५ च उरला तर सम अंकाकडे वळा, असं फिजिक्सची काही पुस्तकं सांगतात. तुमच्या पुस्तकात जे असेल ते पाळा.)

खरा फरक मोजणी सुरू करण्याच्या जागेत आहे. दशांश स्थळं चिन्हापासून उजवीकडे मोजतात. सार्थ अंक मोजताना डावीकडून येत शून्य नसलेला पहिला अंक गाठायचा आणि त्याला ‘एक’ म्हणायचं. त्यानंतरचा प्रत्येक अंक मोजायचा, मधली शून्यंसुद्धा. चिन्ह कुठे आहे ते या मोजणीत बघायचंच नाही.

गोंधळ होतो त्यात मुलांपेक्षा उदाहरणं निवडणाऱ्यांचा दोष जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. पायची किंमत ३.१४१५९. दोन दशांश स्थळं घ्या, ३.१४. तीन सार्थ अंक घ्या, तरी ३.१४. गुरुत्व त्वरण ९.८०६६५ घेतलं तरी दोन्हीकडे ९.८१ च. चिन्हाआधी एकच अंक असला, आणि तो शून्य नसला, की दोन्ही उत्तरं जुळतात आणि ‘सार्थ अंक म्हणजे दशांश स्थळं अधिक एक’ असा भलताच नियम डोक्यात बसतो. या दोन संख्यांवर सार्थ अंक शिकवूच नयेत.

त्याऐवजी १ चौरस फूट घ्या. ते ०.०९२९०३०४ चौरस मीटर भरतं. दोन दशांश स्थळांपर्यंत ०.०९. दोन सार्थ अंकांपर्यंत ०.०९३, कारण मोजणी ९ पासून सुरू होते. आधीची शून्यं फक्त जागा दाखवतात. आता ६५० चौरस फुटांच्या फ्लॅटचा कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये काढा. ०.०९ ने गुणलं तर ५८.५ येतात, ०.०९३ ने ६०.४५. खरं उत्तर जवळजवळ ६०.३९ आहे. म्हणजे पहिल्या हिशेबात सुमारे २० चौरस फूट गायब झाले. दुसऱ्यातली चूक एका चौरस फुटाच्याही आत आहे. लहान संख्येत दशांश स्थळं मोजत बसलात तर मोजमापातला कामाचा भागच कापला जातो.

मोठ्या संख्येत उलटी चूक होते. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. दोन सार्थ अंकांपर्यंत किती? ‘१६’ लिहिणारे दरवर्षी भेटतात. उत्तर १६०० आहे. अंक टाकले तरी त्यांची जागा शून्यांनी भरावीच लागते, नाहीतर महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर १६ मीटरचं होईल. आता १६०२ चे तीन सार्थ अंक घेतले तरी १६०० च येतात, मग शेवटची शून्यं खरी की भरतीची हे वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून मी १.६ गुणिले १० चा ३ रा घात असं लिहिण्याचाच आग्रह धरतो. तीन सार्थ अंक असतील तर १.६०.

हे शेवटचं शून्य खोडणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. तीन सार्थ अंकांपर्यंत तो ३.०० गुणिले १० चा ८ वा घात. कॅल्क्युलेटर ही शून्यं सहसा दाखवत नाही, मुलंही दाखवत नाहीत, आणि नुसतं ३ लिहिलं की एकच सार्थ अंक उरतो.

आणि कृपा करून टप्प्याटप्प्याने राउंड ऑफ करू नका. २.३४६८ चे दोन सार्थ अंक हवे असताना आधी २.३४७, मग २.३५, मग २.४ असं उतरत येणारे बरेच आहेत. मूळ संख्येत ३ च्या पुढे ४ आहे, म्हणून उत्तर २.३. गणित चालू असताना सगळे अंक ठेवा, कापायचं ते अगदी शेवटच्या ओळीत.