गंजावर मारलेला रंग का फुगतो?

सातारा भागात गोठ्याच्या कडेला उभी असलेली कडबाकुट्टी (चारा कापायचं यंत्र) ऐन पावसाळ्यात जवळून बघा. उन्हाळ्यात मालकाने हौसेने हिरवा ऑइलपेंट मारलेला असतो. श्रावणापर्यंत त्यावर फोड येतात. नखाने टोकरलं की आतून तपकिरी पाणी निघतं आणि शिव्या खातो पेंटवाला. त्याचा बिचाऱ्याचा बहुतेक वेळा काही दोष नसतो.

ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइड घट्ट बसतो आणि खालच्या धातूला जपतो. लोखंडाचा गंज नेमका उलटा. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे पापुद्रे सुटतात, भेगांत पाणी मुरतं आणि गंज आत आत पोखरत जातो. वायर ब्रशने वरचे पापुद्रे निघतात, पण खाचांच्या तळाशी गंज तसाच राहतो. कधी कधी तर ब्रश त्याला घोटून चकचकीत करतो आणि आपण फसतो. गोठ्यात भर पडते ती जनावरांच्या मुतातल्या क्षारांची. रंगाच्या थरातून पाण्याचा अंश थोडाफार झिरपतोच. खालचे क्षार तो ओढून घेतात आणि फोड धरतो.

सँडब्लास्टिंगचा फायदा इथे कळतो. दाबाच्या हवेने फेकलेले कण खाचांच्या तळापर्यंत पोचतात, शिवाय पृष्ठभाग खरखरीत करतात. साधारण 40 ते 75 मायक्रॉन खोलीच्या या खरखरीत पृष्ठभागात प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराला, पाय रोवता येतात. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत टिल्घमन यांनी 1870 साली तिचं पेटंट घेतलं.

घरी करायचं तर अडचण कण फेकणाऱ्या बंदुकीची नाही, हवेची. 3 मिलिमीटरच्या नोझलला 100 पीएसआय दाबावर सुमारे 20 सीएफएम (मिनिटाला 20 घनफूट) हवा लागते. पंक्चरवाल्याकडच्या छोट्या कंप्रेसरला ते झेपत नाही. त्यात पावसाळ्यात हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन नळीत उतरते आणि साफ केलेल्या लोखंडावरच फवारली जाते. हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप नसेल तर सगळी मेहनत वाया.

आणि नदीची वाळू? अजिबात नको. वाळूतल्या, आपटून फुटलेल्या सिलिकाची धूळ डोळ्यांना दिसतही नाही इतकी बारीक असते. ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. ब्रिटनने 1949 सालीच ब्लास्टिंगसाठी सिलिका वाळू वापरायला बंदी घातली. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही. गार्नेट (एक कठीण खनिज) किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरा, पण धूळ गाळणारा चांगला रेस्पिरेटर तेव्हाही हवाच. जुन्या रंगात शिसं असू शकतं.

उघडं पडलेलं लोखंड दमट हवेत काही तासांत पुन्हा लालसर होतं. म्हणून त्याच दिवशी प्रायमर. मधे उघडा हात फिरवायचा नाही, घामात मीठ असतं. रेड ऑक्साइड प्रायमर मुख्यतः पाणी अडवतो. झिंकचं प्रमाण भरपूर असलेला प्रायमर मात्र लोखंडाआधी स्वतः गंजतो, म्हणून ओरखडा पडला तरी तिथलं लोखंड बराच काळ टिकतं.

पातळ पत्र्यावर मारा जपून करा. कणांच्या ठोक्यांनी वरचा थर ताणला जातो आणि पत्रा वाकतो. बेअरिंग आणि आटे झाकून घ्या. कडबाकुट्टीची पाती आधीच काढून ठेवा, नाहीतर धार जाईल.