अंडी काढण्याची तयारी आणि गर्भ ठेवण्याची तयारी: सरोगेट बाईची कोणती?

दुसऱ्या जोडप्याचं मूल पोटात वाढवायला एखादी बाई तयार झाली, की वाडीत एकच बातमी फिरते: तिला इंजेक्शनं सुरू झाली. कसली इंजेक्शनं, कशासाठी, हे कुणी विचारत नाही. मग कुणीतरी शेजारीण विहिरीवर हटकते, ‘मगे पोर तुजाच मा?’ आणि ती बाई स्वतःच गोंधळते, कारण दवाखान्यात तिलाही कुणी नीट समजावलेलं नसतं. सिंधुदुर्गात नर्स म्हणून काम करताना आणि निवृत्तीनंतरही माझ्याकडे अशी इंजेक्शनं घ्यायला बायका येत आल्या. त्यांच्या प्रश्नांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. एक तयारी असते अंडाशयातून अंडी काढण्याची, आणि दुसरी असते गर्भाशयात तयार गर्भ ठेवण्याची. सरोगेट बाईच्या वाट्याला फक्त दुसरी येते.

घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही तयाऱ्या बहुधा पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतात. दोन्हींत योनीमार्गातून सोनोग्राफी, दोन्हींत हार्मोन्स, दोन्हींत सुया. दवाखाना तोच, बाकडं तेच, आणि दोघींच्याही फायलीवर आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचा उपचार) असंच लिहिलेलं.

अंडी काढायची असतात ती बीज देणाऱ्या बाईची, म्हणजे जिला मूल हवं आहे तिची किंवा दात्या बाईची. एरवी दर महिन्याला अनेक फॉलिकल, म्हणजे अंडाशयातले अंडं असलेले पाण्याचे फुगे, वाढू लागतात, पण एकच पूर्ण पिकतं आणि बाकीची विरून जातात. ती विरू नयेत म्हणून साधारण 8 ते 12 दिवस रोज पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन देतात. फॉलिकल 18 मिलिमीटरच्या आसपास आली की ट्रिगरचं, म्हणजे अंडी शेवटची पिकवणारं इंजेक्शन, आणि त्यानंतर 34 ते 36 तासांनी भूल देऊन सुईनं अंडी बाहेर. दवाखान्यात याला ‘पिकअप’ म्हणतात. म्हणजे या तयारीत अंडाशयाला नेहमीपेक्षा जास्त कामाला लावतात.

सरोगेट बाईच्या बाबतीत याच्या अगदी उलट. तिच्या अंडाशयानं त्या महिन्यात गप्प बसलेलं डॉक्टरांना हवं असतं. म्हणून पाळीच्या सुरुवातीलाच इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू करतात, बहुतेक ठिकाणी 2 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. काही डॉक्टर त्याआधी अंडाशय शांत करणारं एखादं इंजेक्शन देतात. गोळ्यांनी पिशवीचं आतलं अस्तर जाड होत जातं. दहा-बारा दिवसांनी सोनोग्राफी करतात. अस्तर 7-8 मिलिमीटर किंवा त्याहून जाड आणि तीन रेघांचं दिसलं की प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तराला गर्भ धरण्याजोगं करणारं हार्मोन, सुरू. गर्भ पाच दिवस वाढलेला असेल, तर प्रोजेस्टेरॉनच्या साधारण सहाव्या दिवशी तो आत ठेवतात. काही बायकांत बाहेरून इस्ट्रोजेन न देता नैसर्गिक पाळीवरही हे जमवतात. पण सरोगसीत गोळ्यांची पद्धत जास्त वापरतात, कारण तारीख हातात राहते आणि बाईचं स्वतःचं अंडं सुटण्याची शक्यता खूप कमी होते.

विहिरीवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. सरोगेट बाईचं अंडं या मुलात वापरलेलंच नसतं. आणि हे कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. 25 जानेवारी 2022 पासून लागू झालेला सरोगसी (नियमन) कायदा सांगतो, की सरोगेट बाईनं स्वतःचं बीज द्यायचं नाही. तिला अंडी वाढवणारी इंजेक्शनं लिहून दिली, तर तिथंच थांबून विचारायला हवं. मी तर म्हणेन, विचारून समाधान होईपर्यंत एकही सुई टोचून घेऊ नये.

भीतीसुद्धा अशीच एकीची दुसरीला चिकटते. ‘माझी अंडी संपतील, पाळी लवकर जाईल’ हे मी सरोगेट बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. तिच्या अंड्यांना कुणी हातही लावत नाही, तर ती संपतील कशी? आणि पिकअपवालीचीही संपत नाहीत, कारण तिची जी काढतात ती त्या महिन्यात विरून जाणाऱ्यांतलीच असतात. पोट फुगणं, एकदम वजन वाढणं, धाप लागणं, हा अंडाशय जास्त चेतवल्याचा त्रास आहे. तो पिकअपच्या बाजूचा, पीसीओडी असलेल्या बाईत जास्त. सरोगेट बाईनं लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टीवर. इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत कळ आली किंवा अचानक दम लागला, तर उद्यावर ढकलू नये. डोकं दुखणं, मळमळ, छाती जड होणं हे मात्र नेहमीचं.

आता वेळेचं. आपल्याकडे हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण कणकवली-कुडाळच्या पुष्कळ बायकांना या उपचारासाठी घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं, नाहीतर मुंबई. जुलैत दरड कोसळली की घाट बंद, आणि कोकण रेल्वेचंही पावसाळी वेळापत्रक वेगळं. अशा वेळी कुठं थोडं थांबता येतं आणि कुठं अजिबात नाही, हे माहीत असायला हवं. पिकअपमध्ये ट्रिगर घेतला की मागे फिरणं नाही. ठरलेल्या वेळेच्या फार पुढे गेलात, तर अंडी आपोआप सुटून जाऊ शकतात आणि सगळी इंजेक्शनं फुकट. ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ आत ठेवण्याच्या तयारीत मात्र एक सवड आहे. नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असेपर्यंत डॉक्टर तारीख चार दिवस पुढे सरकवू शकतात. गर्भ द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशाला गोठवलेला असतो, त्याला घाई नसते. पण प्रोजेस्टेरॉनचा पहिला डोस घेतला, की अस्तराचं घड्याळ सुरू झालं. पिशवी गर्भ धरून ठेवते ते थोड्याच काळापुरतं, आणि तो काळ त्या पहिल्या डोसपासून मोजतात. म्हणून मी पावसाळ्यात बायकांना सांगते, प्रोजेस्टेरॉन सुरू करायला सांगितलं की आधी घाटाची चौकशी करा, शक्य असेल तर आदल्या दिवशीच कोल्हापुरात नातेवाइकांकडे मुक्काम टाका. आणि तरीही पोचता आलं नाही, तर त्या महिन्याची तयारी वाया जाते, गर्भ जात नाही. तो पुढच्या पाळीपर्यंत तसाच राहतो.

प्रत्यक्ष दिवशीच्या सूचना तर एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पिकअपला भूल असते, म्हणून उपाशीपोटी जायचं आणि आत जाण्याआधी लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं. ट्रान्सफरला सहसा भूल नसते. खाऊन जायचं आणि लघवी मात्र धरून ठेवायची, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे पोटावरच्या सोनोग्राफीत पिशवी नीट दिसते आणि मऊ नळी सरळ आत जाते. पाच-दहा मिनिटांचं काम. नात्यातल्या दोघी जावा माझ्या माहितीत आहेत, थोरलीची अंडी आणि धाकटी सरोगेट. थोरलीनं मायेपोटी आपला अनुभव सांगितला, आणि धाकटी ट्रान्सफरच्या दिवशी पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेता, घेरी येत असताना दवाखान्यात पोचली.

त्याच दोघींच्या घरी आणखी एक अदलाबदल पाहिली. थोरलीची इंजेक्शनं फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशात ठेवायची होती. म्हणून धाकटीच्या प्रोजेस्टेरॉनच्या कुप्याही सासूबाईंनी फ्रिजमध्ये, नारळाच्या दुधाच्या वाटीशेजारी मांडून ठेवल्या. हे इंजेक्शन तेलातलं असतं. गार झालं की घट्ट होतं, सुईतून उतरत नाही आणि टोचताना जीव जातो. ते घरातल्या हवेतच, उन्हापासून लांब ठेवायचं. द्यायच्या आधी मी कुपी तळहातात धरून थोडी कोमट करते. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे, आणि मग कोमट फडक्याचा शेक. रोजच्या सुयांनी गाठी येतात, बसायला त्रास होतो, ते हळूहळू जातं. तेल तिळाचं किंवा शेंगदाण्याचं असू शकतं, तेव्हा ज्या बाईला यातल्या कशाची अ‍ॅलर्जी आहे तिनं ते पहिल्या भेटीतच सांगावं. प्रोजेस्टेरॉनच्या योनीत ठेवायच्या गोळ्या आणि जेलही मिळतं, पण कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवणार. बाईनं सांभाळायची ती वेळ. मोबाइलवर गजर लावा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज खूण करा. डोस चुकला तर लपवू नका, लगेच फोन करा.

गावात एक प्रश्न हमखास येतो: ‘माझं ऑपरेशन झालंय, मग कसं व्हायचं?’ ऑपरेशन म्हणजे कुटुंबनियोजनाचं. त्यानं काही अडत नाही. नळ्या बांधलेल्या असल्या तरी गर्भ थेट पिशवीत ठेवतात, नळ्यांचा संबंधच येत नाही. तांबी असेल तर ती मात्र काढावी लागते. आणि ज्या बाईचं ऑपरेशन झालेलं नाही तिला नवराबायकोच्या संबंधांबद्दल डॉक्टर जे पथ्य सांगतात ते कडक पाळायचं असतं. चुकून तिचं स्वतःचं अंडं सुटलं आणि दिवस गेले, तर पोटातलं मूल कुणाचं, हा प्रश्न खरोखरच उभा राहील. हे सांगायला नर्सा लाजतात, मी लाजत नाही. नवऱ्यालाही समोर बसवून सांगते.

ट्रान्सफर झाल्यावर घरची माणसं बाईला खाटेवरून उतरू देत नाहीत. खड्ड्यांत गाडी आपटली तर गर्भ पडेल, जिना चढली तर पडेल. तसं होत नाही. पिशवीच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, गर्भ त्यांच्यामध्ये असतो. पडून राहिल्यानं यश वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. उलट इस्ट्रोजेन चालू असताना तासन्‌तास एका जागी बसणंच टाळावं, गाडीत असाल तर मध्ये उतरून चार पावलं चालावं. जड हंडे उचलू नयेत, बाकी घरातली साधी कामं करावीत. पिकअपवालीला मात्र भुलीमुळे त्या दिवशी विश्रांती हवीच, आणि अंडाशय सुजलेले असल्यानं पुढे काही दिवस उड्या, पिळे, जोराचा व्यायाम नको.

खाण्याचं थोडक्यात. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू असतं. मासे खावेत, बांगडा, तारली चांगलीच. मोरी तेवढी या काळात नको, शार्कच्या जातीत पारा साठतो.

मग येतो वाट बघण्याचा काळ. प्रोजेस्टेरॉनमुळे छाती दुखते, मळमळतं, पाळी लांबते, म्हणजे दिवस गेल्यासारखंच सगळं. त्यावरून काही ठरवू नये. साधारण 9 ते 14 दिवसांनी बीटा एचसीजीची, म्हणजे दिवस गेलेत का हे सांगणारी रक्त तपासणी होते, ती खरी. थोडा डाग दिसला म्हणून घाबरून औषधं बंद करायची नाहीत, हे मी चारदा सांगते, कारण गावात नेमकं तेच होतं. गोळ्यांवरच्या पाळीत अंडं सुटलेलं नसतं, म्हणून शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन बनवत नाही. वार काम हातात घेईपर्यंत गर्भ या औषधांवरच टिकतो. म्हणून तपासणी होकारार्थी आली तरी दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत ती सुरू राहतात.

कागदही दोघींचे वेगळे. अंडी देणारी दाती 23 ते 35 वयाची, आयुष्यात एकदाच, आणि तिची सातपेक्षा जास्त अंडी काढायची नाहीत. सरोगेट विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली, गर्भ ठेवण्याच्या दिवशी 25 ते 35 वयाची. तीही आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते, मात्र त्यासाठीचे प्रयत्न तीनपर्यंत करता येतात. एका वेळी एकच गर्भ ठेवायचा, खास परिस्थितीतच जास्त. तिच्यासाठी 36 महिन्यांचा विमा जोडप्यानं काढायचा, औषधपाण्याचा खर्चही त्यांचाच, पण मोबदला म्हणून पैसे नाहीत. संमतीपत्र तिला समजणाऱ्या भाषेत हवं, म्हणजे आपल्याकडे मराठीत. इंग्रजी कागदावर ‘इथं सही करा’ म्हटलं तर सही करू नका, मराठी प्रत मागा. आणि गर्भ आत ठेवेपर्यंत तिला नाही म्हणायचा हक्क आहे. गोळ्या सुरू झाल्या, अस्तर तयार झालं, कोल्हापूरला पोचली, तरीही. सासर, जावा, नणंदा, कुणीही तिला ‘आता मागे फिरता येणार नाही’ असं सांगत असेल तर ते खोटं आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. तारीख भाद्रपदात येत असेल तर चतुर्थीच्या दिवसांत रोजचं इंजेक्शन कोण देणार हे आधीच पक्कं करा. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, दवाखान्यातला कंपाउंडर स्वतःच्या गावी गेलेला असतो. दोन माणसं ठरवून ठेवा, एक नेहमीचं आणि एक अडीअडचणीचं, आणि कुप्या-सिरिंज निदान पंधरा दिवसांच्या घरात असू द्या.