हृदयावरचा वण कोण विणतं? दीडशे वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा एक भाग रक्ताविना मरतो. अटॅक मोठा असेल तर मरणाऱ्या स्नायूपेशींची संख्या अब्जाच्या घरात जाते आणि त्यांची जागा घ्यायला नव्या पेशी जवळजवळ येतच नाहीत. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेला कार्बन-१४ माणसांच्या डीएनएत उतरला होता. त्यावरून पेशी केव्हा जन्मली हे ताडता येतं, आणि त्याच आधारे स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये हिशेब मांडला. पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी स्नायूपेशी नव्याने तयार होतात, असं त्यातून निघालं. म्हणून मेलेल्या जागेत भरतं ते कोलॅजेन, म्हणजे तंतूंचं चिवट प्रथिन. काही आठवड्यांत तिथे पांढुरका, चिवट वण तयार होतो. तो आकुंचन पावत नाही, पण तो नसता तर हृदयाची भिंतच फाटली असती.

हा वण विणणाऱ्या पेशी कुठून येतात, यावरचा वाद हृदयविज्ञानापेक्षाही जुना आहे. आधीपासून तिथेच वस्तीला असलेल्या तंतुपेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, हे काम करतात की रक्तातून आलेल्या पेशी? प्रश्न साधा आहे, पण पेशीवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. कुणीतरी तिला खूण करावी लागते. या वादाचा इतिहास मी वाचला तो या खुणांचा इतिहास म्हणूनच, कारण खूण बदलली की दर वेळी उत्तरही बदलत गेलं.

पहिली खूण निळ्या रंगाची होती. बर्लिनमध्ये रुडॉल्फ विरशोव यांच्या संस्थेत काम करणाऱ्या युलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकाच्या शरीरात ॲनिलिन ब्लू हा रंग सोडला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी त्याचे कण गिळले. मग बेडकाच्या डोळ्याच्या पारदर्शक पटलाला इजा केली. त्या पटलात एकही रक्तवाहिनी नसते, तरीही तिथे निळे कण पोटात घेतलेल्या पेशी सापडल्या. त्या बाहेरून आल्या होत्या, यात शंका उरली नाही. पुवातल्या पेशी जागच्या जागी, संयोजी ऊतकातूनच जन्मतात, असं विरशोव यांचं मत होतं. त्यांच्याच सहाय्यकाने ते खोडून काढलं. कोनहाइम मात्र आणखी पुढे गेले: जखमेत दिसणाऱ्या सगळ्याच नव्या पेशी, अगदी वण घालणाऱ्यासुद्धा, रक्तातूनच येतात असं त्यांनी सुचवलं. पहिल्या विधानाला पुरावा भक्कम होता. दुसरं त्याच्या आधाराने पुढे सरकलं आणि पुढची शंभर वर्षं अधूनमधून डोकं वर काढत राहिलं. १९२० च्या दशकात अलेक्सिस कॅरेल यांनीही काचेच्या भांड्यात वाढवलेल्या मोनोसाइटचे, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे, फायब्रोब्लास्ट होतात असं मांडलं होतं.

दुसरी खूण किरणोत्सारी होती. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रसेल रॉस यांनी १९७० मध्ये सहकाऱ्यांसोबत उंदरांच्या जोड्या केल्या. दोन उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना असे जोडायचे की दोघांत एकच रक्त खेळेल. एकाच्या पेशींना ट्रिशियमयुक्त थायमिडीनने, म्हणजे डीएनएच्या किरणोत्सारी घटकाने, खूण करायची, जखम दुसऱ्याला करायची आणि काही दिवसांनी ती तपासायची. दुसऱ्याच्या जखमेत खूण असलेल्या पांढऱ्या पेशी भरपूर मिळाल्या, फायब्रोब्लास्टवर मात्र खूण नव्हती. ते शेजारच्याच ऊतकातून आले होते. प्रयोग इतका नेटका होता की कोनहाइम यांचं दुसरं विधान आता इतिहासजमा झालं, असंच बहुतेकांनी धरलं. पुढे १९७१ मध्ये जुलिओ गाब्बियानी आणि सहकाऱ्यांनी भरत्या जखमेतली स्नायूसारखी आवळणारी तंतुपेशी दाखवली. हीच मायोफायब्रोब्लास्ट. वण घालण्याचं मुख्य काम तिचंच.

तरीही १९९४ मध्ये हे प्रकरण पुन्हा उघडलं. न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेटमधल्या पिकोवर संस्थेत रिचर्ड बुकाला आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या कातडीखाली छोट्या कुप्या बसवल्या आणि त्यांत शिरणाऱ्या पेशी मोजल्या. दाह सुरू होताच आलेल्या पेशींमध्ये काही विचित्र पेशी होत्या: पृष्ठभागावर रक्तपेशींच्या कुळाची चिन्हं, पोटात कोलॅजेन. बुकाला यांनी त्यांना फायब्रोसाइट म्हटलं. रक्तात फिरणारी आणि कोलॅजेनही बनवणारी पेशी! फुप्फुस, मूत्रपिंड, त्वचा, सगळीकडे तिचा शोध सुरू झाला.

हृदयाकडे लक्ष वळलं त्याला दुसरंही कारण होतं. अस्थिमज्जेतल्या पेशी हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा उभा करतात, असा दावा २००१ मध्ये पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांवरून केला. त्याने खळबळ उडाली आणि रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तोच प्रयोग अधिक काटेकोर खुणा वापरून केला, तर स्नायू काही उगवला नाही. अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेच्या ३१ शोधनिबंधांत खोटी किंवा फेरफार केलेली माहिती असल्याचं २०१८ मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगहॅम रुग्णालयाने जाहीर केलं आणि ते मागे घ्यावेत असं सांगितलं. एवढ्या गदारोळात एक प्रश्न मात्र मागे उरला. अस्थिमज्जेतून हृदयात पेशी तर येतात, मग त्या तिथे करतात काय?

या प्रश्नावर मला सगळ्यात लक्षवेधी वाटला तो ह्यूस्टनचा प्रयोग. मार्क एन्टमन यांच्या गटाने उंदरांची हृदयधमनी रोज फक्त १५ मिनिटं बंद केली आणि पुन्हा सोडली. एवढ्याने स्नायू मरत नाही, म्हणजे अटॅक येत नाही. तरीसुद्धा आठवड्याभरात पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजेन साठू लागलं आणि त्या भागात रक्तकुळाची चिन्हं असलेल्या तंतुपेशी सापडल्या. सीरम अमायलॉइड पी हे रक्तातलं प्रथिन अशा पेशी तयार होऊ देत नाही. ते टोचल्यावर या पेशीही घटल्या आणि तंतूही. हे २००६ मध्ये छापून आलं. त्याच सुमारास हिरव्या रंगात चमकणाऱ्या अस्थिमज्जेचं रोपण केलेल्या उंदरांवरून, अटॅकनंतरच्या वणातल्या मायोफायब्रोब्लास्टमध्ये लक्षणीय वाटा मज्जेतून आलेल्यांचा असतो, असंही इतर गटांनी मांडलं. कोनहाइम बरोबर होते की काय, असं वाटायला लागलं.

अडचण खुणेतच होती. मॅक्रोफेज ही मोनोसाइटपासूनही बनणारी भक्षक पेशी आहे. मेलेला कचरा खाताना ती कोलॅजेनचे तुकडेही गिळते, आणि मग रंग देऊन पाहिलं तर तीच कोलॅजेन बनवते असा भास होतो. पातळ कापात एकीवर एक बसलेल्या दोन पेशी एकच दिसतात. ‘फायब्रोब्लास्टची’ म्हणून वापरली जाणारी काही चिन्हं पांढऱ्या पेशींवरही असतात. कोनहाइम यांच्या निळ्या कणांपासून आपण फार पुढे आलो, असं म्हणवत नाही.

मग खूण थेट जनुकांत कोरली गेली. एखाद्या कुळाच्या पेशीत विशिष्ट जनुक सुरू झालं की तिच्या आणि तिच्या सगळ्या वंशजांच्या डीएनएत कायमचा बदल होतो, ही क्री-लॉक्स पद्धत. २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी तिच्या मदतीने दाखवलं की दाब वाढून ताणलेल्या हृदयात तंतू घालणारे फायब्रोब्लास्ट गर्भावस्थेतच हृदयात स्थायिक झालेले असतात, बहुतांश हृदयाच्या बाहेरच्या आवरणातून आलेले. २०१६ मध्ये सिनसिनाटीत जेफ्री मोल्केंटिन यांच्या गटाने अटॅकनंतरच्या वणातही मायोफायब्रोब्लास्ट स्थानिक फायब्रोब्लास्टपासूनच होतात हे सिद्ध केलं. मज्जेच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरलं नाही. रॉस यांचे जोड-उंदीर खरं बोलत होते.

रक्तपेशींचं महत्त्व मात्र त्याने कमी झालं नाही, त्यांचं काम वेगळं निघालं. बॉस्टनमध्ये मॅथियास नाहरेनडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदरांत दाखवलं की अटॅकनंतर मोनोसाइट दोन तुकड्यांत येतात. पहिले काही दिवस आक्रमक तुकडी मेलेलं मांस साफ करते. पाचव्या दिवसाच्या सुमारास दुसरी, निवळलेली तुकडी येते आणि फायब्रोब्लास्टना कामाला लावते. बांधकामावर विटा रचणारा गवंडी गावचाच, पण मुकादम बाहेरचा, अशातला हा प्रकार. या पेशींचा मोठा साठा प्लीहेत असतो हे २००९ मध्ये कळलं, आणि हृदयात आलेली अशी एक पेशी तिथे सरासरी २० तासच टिकते हे २०१२ मध्ये. म्हणजे मुकादम रोज नवा.

त्यांना अडवावं तर? हे आधीच करून झालं होतं, तेही नकळत. १९७० च्या दशकात अटॅकच्या रुग्णांना दाह कमी व्हावा म्हणून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन पाहिलं, आणि १९७६ मध्ये अपाय होतो असा अहवाल आला. उंदरांतून मॅक्रोफेज काढून टाकल्यावर मेलेला स्नायू नीट साफ झाला नाही आणि हृदय जास्त फुगलं. पहिल्या आठवड्यात सूज हवीच असते, ती रेंगाळली की नडते. कोल्चिसिनसारख्या दाह कमी करणाऱ्या जुन्या, स्वस्त औषधाच्या चाचण्यांतले निकाल उलटसुलट आहेत ते बहुधा याचमुळे, असं मला वाटतं.

शिवाय हृदयात जन्मापासून राहणाऱ्या मॅक्रोफेजही असतात. स्त्रीचं हृदय पुरुषाला बसवलेल्या, किंवा उलट झालेल्या रुग्णांच्या ऊतकात वाय गुणसूत्र शोधून अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की माणसाच्या हृदयातही दोन कुळं शेजारी राहतात. एक जागच्या जागी वाढतं, दुसऱ्याची भरती रक्तातून होते. दाह भडकवण्याचं काम मुख्यतः दुसऱ्याचं.

अलीकडचा अध्याय पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला. जोनाथन एप्स्टाइन यांच्या गटाने २०१९ मध्ये कॅन्सरसाठी वापरतात तशा बदललेल्या टी-पेशी, म्हणजे ठरवलेल्या पेशींना मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, उंदरांच्या हृदयातल्या सक्रिय फायब्रोब्लास्टवर सोडल्या, आणि तंतू घटले. २०२२ मध्ये त्यांनी पेशी बाहेर काढून बदलण्याची पायरीच गाळली: कोविड लशीसारख्या चरबीच्या थेंबात एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायला सांगणारा तात्पुरता निरोप, भरून टोचलं आणि टी-पेशी शरीरातच तयार झाल्या. एमआरएनए विरलं की त्या पुन्हा साध्या होतात, आणि त्याची गरजही आहे, कारण हेच फायब्रोब्लास्ट इतर जखमा भरायलाही लागतात. हे प्रयोग उंदरांत झाले ते रक्तदाब वाढवणारी औषधं देऊन ताणलेल्या हृदयावर. अटॅकनंतरच्या ताज्या वणावर, जिथे पहिल्या आठवड्यात भिंत फाटू शकते, अशी फौज कोणत्या दिवशी सोडायची हा प्रश्न अजून शिल्लक आहे.